जिन्याचा दिवा आणि पसंतिक्रम एक

आमच्या लेकीने प्रवेशअर्जात पसंतिक्रम एकच्या रकान्यात 'इलेक्ट्रिकल' असं लिहून कागद सहीसाठी माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी रविवारचा दुसरा चहा पीत होतो. तो चहा तसाच गार झाला. पसंतिक्रम दोन, तीन आणि चार हे रकाने कोरे होते. मी जमिनीच्या नोंदींच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. एकवीस वर्षं रकाने भरतो आहे. कोरा रकाना दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. त्यातून भरलेल्या रकान्यात वीज.

"दोनमध्ये काय?" मी विचारलं.

"काही नाही. मला इलेक्ट्रिकलच करायचंय."

"पण का?"

तिने जरा विचार केला. "वीज दिसत नाही, बाबा. पण नियम मोडत नाही. नीट विचारलं तर दर वेळी तेच उत्तर देते."

आमच्या घरात असं वागणारं दुसरं कोणीच नाही हे खरं आहे. तरीही मी सही केली नाही. कारण सांगतो. मला विजेची भीती वाटते. तरुणपणी एकदा इस्त्रीने मला असा काही झटका दिला होता, की अर्धा इस्त्री केलेला शर्ट मी दोन वर्षं तसाच घालत होतो, पुन्हा इस्त्रीपुढे जाण्यापेक्षा. अजूनही ओल्या हाताने मी बटणाकडे बघतसुद्धा नाही. आणि माझी एकुलती एक मुलगी आयुष्यभर त्याच वस्तूच्या शेजारी उभी राहायला निघाली होती. हे तिला स्पष्ट सांगणं बापाच्या प्रतिष्ठेला शोभलं नसतं, म्हणून मी म्हणालो, "जाणकारांना विचारू."

अर्ज शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होता. त्यानंतर पसंतिक्रम बदलता येत नाही. म्हणजे जाणकारांना सहा दिवस होते.

जाणकारांची कमतरता कधीच नसते. पहिले आले माझे साडू. त्यांचा स्वतःचा मुलगा कॉम्प्युटर शिकला आहे आणि आता दिवसभर घरात बसून कुणाशी तरी परदेशी भाषेत भांडतो. "कॉम्प्युटर!" साडू म्हणाले. "डोळे मिटून कॉम्प्युटर. पंख्याखाली बसायचं काम. इलेक्ट्रिकलवाल्याला पंखा दुरुस्त करावा लागतो, खाली बसायला मिळत नाही." दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वेगळाच मुद्दा काढला. त्यांच्या माहेरच्या गल्लीतला एक इलेक्ट्रिकल इंजिनियर धरणावर नोकरीला गेला, आणि चौदा वर्षं त्याचं लग्नच जमलं नाही. "धरणावर कोण येणार मुलगी द्यायला?" काकू म्हणाल्या. आमची मुलगी स्वतःच मुलगी असल्यामुळे हा धोका तिला कसा लागू होतो ते मला कळलं नाही, पण मी मान डोलावली. माझे केस कापणारा गृहस्थ कात्री थांबवून म्हणाला, "साहेब, वीजवाल्यांचे केस लवकर पिकतात. मी बघतो ना रोज." कार्यालयातला माझा शेजारी म्हणाला, तिथे गणितच गणित असतं. यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं, पण ते एवढंच वाक्य तो इतक्या दुःखाने म्हणाला की मला रडू यायचं बाकी राहिलं.

आमच्या हिने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या सगळ्यांपैकी परीक्षेला कोण बसलं होतं?" बायकांना असे प्रश्न ऐन वेळी सुचतात.

मग मला एक युक्ती सुचली. आता ती युक्ती म्हणायची माझी हिंमत होत नाही, पण त्या सोमवारी ती मला फार धूर्त वाटली.

आमच्या इमारतीला तळमजला धरून चार मजले, आठ घरं आणि एक जिना आहे. जिन्याच्या दिव्यांना दोन बटणं आहेत, एक तळमजल्यावर, एक तिसऱ्या मजल्यावर. खालून लावावं, वर जाऊन बंद करावं, किंवा उलट, असा बांधणाऱ्याचा विचार असावा. तो विचार विचारच राहिला. वरच्या बटणाला कोणी हात लावला की खालचं बटण मरायचं. म्हणून अकरा वर्षांपूर्वी आमच्या सेक्रेटरींनी वरचं बटण एका ठरावीक बाजूला करून त्यावर चिकटपट्टी मारली आणि वर पाटी लावली, 'या बटणास हात लावू नये. हुकमावरून.' हुकूम कोणाचा ते लिहिलेलं नाही. तेव्हापासून वरून खाली येणाऱ्याने कठड्यावर किल्लीने दोनदा टकटक करायची म्हणजे तळमजल्यावरचे मास्तर दिवा लावतात. तीनदा टकटक म्हणजे बंद करा. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी हे खातं इतक्या निष्ठेने सांभाळलं, की गावाला जाताना ते रीतसर चार्ज दुसऱ्याकडे देऊन जातात. पाहुण्यांना ही टकटक विचित्र वाटते. आम्हाला ती नसली तर चुकल्यासारखं होतं.

तीन वायरमन येऊन हा जिना बघून गेले होते. तिघांनीही 'सगळी वायरिंग बदलावी लागेल' असं सांगून चहा घेतला होता.

मी लेकीला म्हणालो, "जिन्याचा दिवा दोन्ही बटणांवर चालवून दाखव. शनिवारच्या आत. दाखवलास, तर पसंतिक्रम एकवर डोळे मिटून सही. नाही जमलं, तर कॉम्प्युटर." मनात म्हटलं, दोन संध्याकाळी जिन्यात डास चावले की आपोआप पंख्याखाली येईल.

"चालेल," ती म्हणाली. इतक्या लगेच, की मलाच घाम फुटला.

तिने पक्कड आणली नाही, टेस्टर आणला नाही. वही आणली. आईला वर उभं केलं, मला खाली, आणि वरची चिकटपट्टी सोलून काढली. "आई, बटण वर. बाबा, बटण खाली. आता बाबा, बटण वर." बटणं चार प्रकारे ठेवता येतात. चारही प्रकार करून तिने दर वेळी दिवा लागला की नाही ते वहीत लिहिलं. चारपैकी एकदाच लागला.

"दोनदा लागायला हवा," ती म्हणाली. "वरच्या बटणात दोन वायरींची अदलाबदल झालीये. मधली वायर कडेला लागलीये. एवढंच."

अकरा वर्षांत तीन वायरमनना जे दिसलं नाही ते हिला पंधरा मिनिटांत दिसलं, तेही बटण न उघडता. मला अभिमान वाटला आणि लगेच त्या अभिमानाची काळजी वाटली. तेवढ्यात सेक्रेटरींनी दार उघडलं.

"चिकटपट्टी कोणी काढली?"

सेक्रेटरी वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट अर्जावर लागते, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात त्यांच्याविषयी व्यावसायिक आदर आहे. त्यांनी उभ्याउभ्या चार कागद सांगितले. एक, रीतसर अर्ज. दोन, आठही घरांचं 'हरकत नाही'. तीन, जिन्याचं मीटर सोसायटीचंच आहे असं वीज कार्यालयाचं पत्र. चार, परवानाधारक वायरमन समोर हजर. चौथी गोष्ट मला मनापासून पटली. ती त्यांनी सांगितली नसती तर मी सांगितली असती.

'हरकत नाही'चा कागद मी स्वतः दारोदार फिरवला. सह्या सगळ्यांनी केल्या, पण प्रत्येकाने शेजारी काहीतरी लिहिलं. काकूंनी लिहिलं, 'हरकत नाही, मात्र आमची दारावरची घंटा लागते तर लागते नाही तर नाही, ती बघावी.' काकूंच्या समोरच्यांनी लिहिलं, 'काकूंची बघणार असाल तर आमचीही.' खुद्द सेक्रेटरींनी लिहिलं, 'माझी घंटा मधूनच आपोआप वाजते. हरकत नाही.' अशा तऱ्हेने दोन वायरींचं काम सगळ्या इमारतीच्या घंटांपर्यंत पोहोचलं. मास्तरांनी सही केली आणि काही लिहिलं नाही. पण कागद परत देताना म्हणाले, "म्हणजे मग टकटक नाही?" मी म्हणालो, "बघू." बापमाणसाने असं मोघम बोललेलं बरं असतं.

मंगळवार आणि बुधवार मी वीज कार्यालयात घालवला. रजा टाकून. खिडकी क्रमांक तीन.

"ग्राहक क्रमांक?"

"तोच हवाय. मीटर जिन्याचं आहे."

"नाव?"

"जिना."

"राहतं कोण तिथे?"

"जिन्यात कोणी राहत नाही हो."

"मग दिवा कशाला हवाय?"

मी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे. बाहेरच्या बाजूला उभं राहिलं की माणसाची उंची चार बोटं कमी होते, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. त्यात त्या गृहस्थांनी नेमकी माझीच वाक्यं वापरली. 'साहेब फिरतीवर आहेत', 'हे आमच्याकडे येत नाही', 'उद्या या, पण उद्या मी नाही.' प्रत्येक वाक्याला मी मनात दाद देत होतो आणि पायाला मुंग्या येत होत्या. बुधवारी दुपारी एका जुन्या फाइलीत जिन्याचं मीटर सापडलं. ते 'जिना व इतर' या नावावर होतं. इतर म्हणजे आम्ही.

पत्र गुरुवारी मिळालं. वायरमन शुक्रवारी दुपारी आला.

हा चौथा वायरमन. उंच, सडपातळ, आणि बोलायला फारसा राजी नसलेला. लेकीने त्याला वहीतलं पान दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं, मग तिच्याकडे बघितलं आणि "हं" म्हणाला. पहिल्या तिघांनी चहाआधी बरंच भाषण केलं होतं, म्हणून मला हा माणूस तितकासा हुशार वाटला नाही. त्याने जिन्याखालच्या मीटरच्या फळीवरचा मेन स्विच बंद केला, फ्यूज उपसला आणि सरळ खिशात घातला.

"खिशात का?" मी विचारलं.

"काम माझं, फ्यूज माझ्या खिशात. मग दुसरं कोणी चालू करत नाही."

हे मला फार आवडलं. आमच्याकडे शिक्क्याचं असंच करतात.

मी घरून लाटणं आणलं होतं. कोरड्या लाकडाने माणसाला विजेपासून सोडवता येतं, असं काकूंनी सांगितलं होतं. पायात रबरी चपला, हातात लाटणं, अशी तयारी करून मी दोघांच्या मागे उभा राहिलो. वायरमनने जिन्याखालची वायरींच्या जोडांची जुनी पेटी उघडली. आत अकरा वर्षांची धूळ होती. त्याने हात घातला आणि अचानक त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं. डोळे मिटले, मान मागे गेली. मी एक क्षणही दवडला नाही. त्याच्या मनगटावर लाटणं हाणलं.

तो शिंकला. मग मनगट धरून खाली बसला.

"मेन बंद आहे, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "शिंक येत होती."

मास्तर, काकू, सेक्रेटरी, सगळे जिन्यात होते. कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. आमच्या हिने माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि वर जाऊन फडक्यात बर्फ बांधून आणला, माझ्यासाठी नव्हे.

पेटीत घंटांच्या आणि जिन्याच्या मिळून अकरा वायरी होत्या. कधीकाळी त्या वेगवेगळ्या रंगांच्या असतील, आता सगळ्या काळ्या. लेकीने एकेक वायर कुठे जाते ते शोधून काढलं, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून आकडा घातला आणि वहीत मोठी आकृती काढली. वायरमन नुसतं बघत होता. एकदा त्याने मान हलवली, एकदा बोट दाखवलं. मग तो म्हणाला, "जोड सोडव सगळे. मी नवीन बटण घेऊन येतो." फ्यूज खिशात ठेवून तो गेला. सगळे जोड सोडवून झाल्यावर लेकही हात धुवायला वर गेली.

मी पेटीपाशी एकटा उरलो. आता मला हातभार लावायची संधी होती, आणि दिवसभरात गेलेली थोडी इज्जत परत मिळवायचीही.

त्या चिठ्ठ्या बघवत नव्हत्या. अक्षर कोंबडीचं. दोन लोंबत होत्या, एक गळून पडायच्या बेतात. आणि आकडे! एक नंबरची वायर तिसऱ्या मजल्याची, दोन नंबर जिन्याची, सात नंबर तळमजल्याची. ज्या क्रमाने हाताला लागल्या त्या क्रमाने तिने आकडे दिले होते. नोंदींच्या कार्यालयात कोणी असं केलं तर त्याची बदली होते. मी घरून फाइलींना बांधायचे पुठ्ठ्याचे बिल्ले आणि दोरे आणले. प्रत्येक वायरीला स्वच्छ, वळणदार अक्षरात नवा आकडा बांधला. तळमजला एक, दोन. पहिला मजला तीन, चार. असं वर वर जात शेवटी जिना. जुन्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. अर्थात कुठला जुना आकडा कुठल्या नव्या आकड्याला गेला ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं, कारण नोंद न ठेवता बदल करणं माझ्या रक्तात नाही.

लेक खाली आली. "चिठ्ठ्या स्वच्छ लिहून बांधल्या गं," मी म्हणालो.

"थँक्यू बाबा," ती म्हणाली. तिला वाटलं मी फक्त अक्षर सुधारलं.

संध्याकाळी साडेसहाला जोड पूर्ण झाले. सगळी इमारत जिन्यात जमली होती. वायरमनने खिशातून फ्यूज काढून बसवला, मेन टाकला. मान म्हणून तळमजल्याचं बटण मास्तरांनी दाबलं.

जिना तसाच राहिला. सेक्रेटरींची घंटा वाजायला लागली आणि थांबेना. सेक्रेटरी धावत वर गेले, आपल्याच घंटेचं बटण दाबून बघितलं, तर मास्तरांच्या घरातली घंटा वाजली. काकूंनी आपल्या दारावरचं बटण दाबलं तेव्हा जिन्यातले सगळे दिवे लागले. काकू खूश झाल्या. त्यांनी बोट काढलंच नाही. "बघा, माझ्या घंटेवर लागतो! मी म्हणत होते ना बघा म्हणून!" बोट काढलं की अंधार. सेक्रेटरी वरून ओरडत होते, की ही घंटा आधी मधूनच वाजत होती, आता मधून थांबतसुद्धा नाही. साडू काय ऐकून आले होते कोण जाणे, पण ते नेमके तेव्हाच दारात उभे होते. ते मला फक्त एवढंच म्हणाले, "पंख्याखाली."

वायरमनने मेन बंद केला, फ्यूज काढला, खिशात टाकला. "उद्या दहाला," तो म्हणाला आणि गेला. जिना अंधारात, आठही घंटा मुक्या, आणि किल्लीने टकटक करूनही उपयोग नाही.

जेवायच्या टेबलावर लेकीने वही उघडून ठेवली होती. तिने जेवणाला हात लावला नव्हता. "तीनदा तपासली," ती म्हणाली. "मला चूक सापडत नाही. जोडताना चुकणं वेगळं. पण चूक समोर असून मला दिसतसुद्धा नसेल, तर मी त्यात जाऊन काय करणार?" मग बोट ठेवत पुटपुटायला लागली. "एक, तिसऱ्या मजल्याची घंटा. दोन, जिना. तीन, काकू..."

मी मनातल्या मनात रजिस्टर उघडलं. माझ्या बिल्ल्यांवर एक म्हणजे तळमजला होता.

"उद्या पसंतिक्रम बदलते," ती म्हणाली. "मावशीकडचे काका म्हणतात तेच खरं. एकमध्ये कॉम्प्युटर टाकते. ठरल्याप्रमाणे."

आणि मी गप्प बसलो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. रविवारपासून मला जे हवं होतं ते माझ्या ताटात वाढून आलं होतं, आणि मला काही करायचंही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याचा मला दांडगा अनुभव आहे. मी स्वतःला समजावलं, की मुलगी सुरक्षित राहील. समजावलं, की ठरलेलं ते ठरलेलं. समजावलं, की तिला चूक दिसली नाही हे खरंच आहे. आमची ही माझ्याकडे एकटक बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, पण मी भाजीत मीठ कमी आहे हे बोललो नाही, यावरून तिला काहीतरी शिजतंय असा वास आला.

सकाळी आठला लेकीने नवा अर्ज छापून आणला. पसंतिक्रम एक, कॉम्प्युटर. बाकीचे रकाने कोरे. डोळे सुजलेले होते. "सही, बाबा."

मी पेनचं टोपण काढलं. पालकाची सही असं लिहिलेल्या रेघेवर पेन टेकवलं. एकवीस वर्षांत माझ्या हातून चुका झाल्या असतील, पण चूक आहे हे माहीत असलेल्या नोंदीखाली मी कधी सही केलेली नाही. त्यासाठी साहेबांची बोलणी खाल्ली आहेत. मी पेन उचललं.

"हे चुकीचं आहे," मी म्हणालो.

"काय?"

"तुझे आकडे मी बदलले. चिठ्ठ्या स्वच्छ नाही लिहिल्या, नवा क्रम दिला. मजल्याप्रमाणे. तुझी एक नंबरची वायर माझी सात आहे."

तिने वही पुढे ओढली. मला वाटलं आता भांडी आपटतील.

"म्हणजे माझी आकृती बरोबर होती?"

"हो."

"सगळी? अकराच्या अकरा?"

"हो गं."

"आई!" ती स्वयंपाकघराकडे ओरडली. "आकृती बरोबर होती!" मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू जरा थांबलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"काल. जेवताना."

"आणि तुम्ही रात्रभर गप्प बसलात?"

"मला भीती वाटते तुझी," मी म्हणालो. "म्हणजे तुझ्यासाठी. तू विजेजवळ जाणार म्हटलं की मला रात्री झोप लागत नाही. कॉम्प्युटर असतं तर लागली असती. हे मला रविवारीच सांगायला हवं होतं."

ती उठली. माझ्या शेजारी येऊन बसली. हात माझ्या हातावर ठेवला, आणि मग तिच्या आईचं बोलणं आलं. "एवढं सांगायला सहा दिवस, रजा आणि माझं लाटणं लागलं," आमची ही म्हणाली.

"बाबा," लेक म्हणाली, "जुने आकडे कुठे लिहून ठेवलेत का?"

मी दुखावलो. एवढं सगळं झालं तरी एवढा अपमान करायचं कारण नव्हतं. मी उठून रजिस्टर आणून दिलं.

वायरमन दहाला आला. मनगटाला पट्टी होती. लेकीने त्याला सगळं सांगितलं, माझ्यासकट. त्याने माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्ही जरा लांब थांबा," तो म्हणाला. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलो. ती रजिस्टरातून आकडे वाचत होती, तो जोडत होता. मग तिने त्याला थांबवलं, पक्कड मागितली, आणि वरच्या नव्या बटणात त्या दोन वायरी स्वतः लावल्या. मी डोळे मिटून घेतले होते. पंचवीस मिनिटं लागली.

मेन टाकला. मास्तरांनी खालचं बटण दाबलं, जिना उजळला. लेकीने वरून बंद केला. वरून लावला. मास्तरांनी खालून बंद केला. मग मास्तर तीन मजले चढून वर गेले, तिथून लावला, खाली आले, बंद केला, पुन्हा वर गेले. अकरा वर्षांत ते वर कधी गेले नव्हते. तिसऱ्या वेळी काकूंनी त्यांना दारातच पाणी दिलं आणि खुर्ची दिली, आणि मास्तर तिथे तासभर गप्पा मारत बसले. दुपारी मी त्यांना विचारलं, आता करमेल ना? ते म्हणाले, "वर हवा छान असते हो." सेक्रेटरींची घंटा आता दाबल्याशिवाय वाजत नाही, म्हणून त्यांना कोणी आलं नाही असं वाटत राहतं. पण त्यावर अजून अर्ज आलेला नाही.

निघताना वायरमनने लेकीकडे हात पुढे केला. "आकृती दे."

तिने पान फाडून दिलं. त्याने ते मीटरच्या फळीच्या दाराला आतून चिकटवलं, नीट, चारही कोपरे दाबून. "पुढचा माणूस येईल त्याला लागेल," तो म्हणाला. त्याच्या तोंडून कौतुकासारखं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लेकीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतकी ती खूश होती.

अर्ज आम्ही कॉलेजच्या केंद्रावर चार वाजून दहा मिनिटांनी दिला. पसंतिक्रम एक, इलेक्ट्रिकल. दोन, तीन आणि चार कोरे. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "बाकीचे भरायचे नाहीत?" मी म्हणालो, "नाहीत." माझ्या आवाजात मलाच ओळखू येणार नाही असा ठामपणा होता. त्यांनी शिक्का मारला. शिक्का जरा वाकडा पडला, पण मी बोललो नाही.

परत येताना कॉलेजच्या मागच्या रस्त्याला जाळीच्या कुंपणात एक मोठी करडी पेटी उभी होती. वर वायरी, पुढे लाल धोक्याची पाटी, आणि आतून एकसारखा घुमण्याचा आवाज. अशा पेटीवरून जायची वेळ आली की मी रस्ता ओलांडतो. लेक मात्र कुंपणाबाहेर थांबली. "ऐका ना, आवाज येतोय? हा ट्रान्सफॉर्मर. लांबून वीज मोठ्या दाबाने येते, हा दाब उतरवतो आणि मग घराघरांत पाठवतो. आणि आत काहीच हलत नाही, बाबा. एका गुंडाळीतून दुसऱ्या गुंडाळीत वीज जाते, आणि दोघींचा एकमेकींना स्पर्शसुद्धा नसतो!" ती हातवारे करून सांगत होती. पाच मिनिटं तरी सांगत होती. येणारेजाणारे बघत होते. मी रस्ता ओलांडला नाही. तिच्या शेजारी उभा राहिलो आणि ऐकत राहिलो. मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही.

"कळलं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पुन्हा सांग."